तिसऱ्या घंटेचं कुलूप

नाटकाला तीन घंटा होत. पहिलीला लोक तोंडातलं पान थुंकून यायचे, दुसरीला जागा धरायचे आणि तिसरीला पडदा वर जायचा. सोलापुरात आबासाहेबांच्या थेटरात तिसऱ्या घंटेबरोबर आणखी एक आवाज व्हायचा. तो पेटीच्या सुरात बुडून जाई. पिटात, खुर्च्यांत, विंगेत कुणालाच ऐकू येत नसे. बायकांच्या दाराबाहेर स्टुलावर बसणाऱ्या कुंडलिकाला मात्र तो नऊ वर्षं ऐकू येत होता. पितळी कुलूप लागल्याचा आवाज. खट्ट.

कुंडलिक मूळचा मोहोळकडचा. इंग्रजी तिसरीपर्यंत शिकला आणि एका वकिलाकडे कागद नकलायला राहिला. वकील वारले तेव्हा त्याच्याजवळ दोन गोष्टी उरल्या: मोत्यासारखं अक्षर आणि इंग्रजीतली पाच-सहा वाक्यं. अक्षराच्या जोरावर त्याला थेटरात नोकरी मिळाली. पाट्या रंगवायच्या, हँडबिलं लिहायची, खेळाच्या वेळी बायकांचं दार सांभाळायचं. त्या वाक्यांतलं एक पुढं त्याच्या मानगुटीवर बसलं.

थेटर म्हणजे पत्र्याची मोठी शेड. आत चटया, बाकं, पुढं खुर्च्या. डाव्या हाताला पुरुषभर उंचीची फळ्यांची भिंत आणि तिच्यापलीकडे बायकांची बसायची जागा. त्या जागेला दार एकच, बाहेरच्या बोळात उघडणारं. फळ्यांना पत्रा ठोकलेला, खाली चार बोटांची फट, तीन जाड बिजागऱ्या आणि कडी-कोयंडा.

कुलपाची हकिगत एकोणीसशे वीस सालची. गिरणीतला एक गडी झिंगून आला आणि भर खेळात बायकांत घुसून बायकोची वेणी धरून तिला ओढू लागला. चौघांनी उचलून बाहेर टाकला, तर पुन्हा आला. तिसऱ्यांदा येताना दिसला तेव्हा कुंडलिकाने घरून जेवणाच्या डब्याबरोबर मागवून घेतलेलं स्वतःच्या ट्रंकेचं कुलूप दाराला ठोकलं. आतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तो गडी पुन्हा येईल म्हणून कुलूप लागलं. तिसऱ्या दिवशीही लागलं. चौथ्या दिवशी परवान्याचे गोरे साहेब पाहणीला आले आणि छडीने कुलूप वाजवून म्हणाले, हे काय?

आबासाहेब गडबडले. कुंडलिक पुढं झाला, छाती काढली आणि वकिलाच्या कागदातलं वाक्य जसंच्या तसं म्हणाला, "ॲज पर युज्वल प्रॅक्टिस, सर."

साहेबांनी मान हलवली, वहीत तेच शब्द लिहिले आणि पुढं गेले. संपलं.

साहेब गेल्यावर आबासाहेबांनी त्याला कोपऱ्यात घेतलं. "काय म्हणालास रं तू?"

"नेहमीच्या वहिवाटीप्रमाणं, असं म्हणालो जी."

"अन् वहिवाट कवापास्नं?"

"मंगळवारपास्नं."

आबासाहेब इतके हसले की तोंडातली सुपारी उडून समोरच्या पाटीवर चिकटली. त्यांनी कुंडलिकाला तिथल्या तिथं नवा फेटा कबूल केला, आणि दिलाही. दिलदार माणूस. कंपनी बुडून रस्त्यावर आलेल्या नटाला त्यांनी कधी उपाशी परत पाठवलं नाही.

त्या दिवसापासून ते वाक्य थेटरात राहायला आलं. आबासाहेबांनी ते पाठ केलं. पेटीवाल्याने दुसरा चहा मागितला की, ॲज पर युज्वल प्रॅक्टिस एकच. एखाद्या नटाने खोलीला खिडकी मागितली की, युज्वल प्रॅक्टिस न्हाय. बत्त्या पेटवणारा चन्नप्पा अक्कलकोटकडचा, घरात कानडी बोलणारा. त्याने एकदा कुंडलिकाला गाठलंच.

"अण्णा, त्या वाक्याचा अर्थ काय रे? मालक म्हणतात आणि समोरचा गप्पच बसतो. मंत्र हाय काय?"

"अर्थ साधा हाय. नेहमी करतो तसं करायचं."

"आणि वापरायचं कुटं?"

कुंडलिक तेव्हा फुशारकीने म्हणाला, "जितं कारण सांगता येत न्हाय तितं."

चन्नप्पाने बत्तीची जाळी बसवली. "मग वाईट हाय की," एवढंच म्हणाला आणि शिडीवर चढला.

अशी नऊ वर्षं गेली. तो झिंगणारा गडी दारू सोडून माळकरी झाला, बायकोला घेऊन खेळाला येऊ लागला. ट्रंकेचं कुलूप गंजलं, त्याच्या जागी मोठं पितळी आलं. कुणाच्या तरी पाटल्या हरवल्याची ओरड झाली तेव्हापासून किल्ली कुंडलिकाकडे न राहता आबासाहेबांच्या कडदोऱ्याला गेली. आता कुंडलिक नुसतं कुलूप दाबायचा, आणि खेळ सुटला की आबासाहेब येऊन उघडायचे. नवं कुणी दारावर आलं की त्यालाही तेच सांगितलं जाई: इथं असंच असतं.

एकोणीसशे एकोणतीसचा गड्डा आला. जत्रेच्या दिवसांत थेटर ओसंडून वाहायचं. त्या साली आलेल्या मंडळींच्या खेळात शेवटच्या अंकात लाक्षागृह पेटायचं. विंगेत दोन माणसं मशाली घेऊन उभी राहत आणि ज्योतीवर मुठीमुठीने राळ फेकत. भप्पकन ज्वाळा उठे, पिवळा उजेड पडे आणि प्रेक्षक शहारून जात. राळेचा तो वास ज्याने एकदा घेतला त्याच्या नाकातून तो जन्मभर जात नाही.

गुरुवारच्या खेळात राळेची एक ठिणगी वरच्या झालरीत गेली.

कुंडलिक बाहेर स्टुलावर होता. आत टाळ्यांचा कडकडाट झाला, नेहमीपेक्षा मोठा. पिटातल्या लोकांना वाटलं, आज आग फारच झकास जमली. पण डाव्या बाजूने बायकांचा गलका आला आणि दार धडधडू लागलं.

"उघडा! ओ दारवाले! उघडा की!"

कुंडलिक उठला. हात कुलपाकडे गेला आणि तिथंच थांबला. किल्ली आबासाहेबांच्या कमरेला, आबासाहेब पुरुषांकडच्या पहिल्या खुर्चीत, आणि तिकडे जायचं तर अख्ख्या शेडला वळसा घालून पाचशे माणसांतून. त्याने खाली पाहिलं. दाराखालच्या फटीतून चार बोटं बाहेर आली होती. निळीने रंगलेली, मागावर काम करणाऱ्या बाईची बोटं. ती माती उकरत होती.

मग सगळं शांत झालं. चन्नप्पाने झालर हाताने ओढून पायाखाली घेतली होती. पेटी पुन्हा सुरू झाली. बोटं आत गेली. मातीत चार ओरखडे राहिले.

खेळ सुटल्यावर आबासाहेबांनी कुलूप काढलं. बायका हसत, बोलत बाहेर पडल्या. भीती निघून गेली की माणसं जशी हसतात, तशा. आत शेंगा विकणारी शांतम्मा, साळ्यांच्या आळीतली तेलुगू बाई, तेवढी कुंडलिकापाशी थांबली. रिकामी पाटी डोक्यावर, बोटं निळी.

"अय्यो, कुंडलिकअण्णा, कोंबड्यालाबी डालग्याखाली एवढं कोंडत न्हाईत. तू हिकडं काय करत होता? आयकत होता?"

त्याला जे सुचलं ते इंग्रजी होतं, आणि ते त्याने गिळलं.

त्याच रात्री तो आबासाहेबांपुढं उभा राहिला. "मालक, ते कुलूप आता काढू या."

"का रं?"

"आज आग लागली असती."

"लागली का?"

"न्हाय. पण..."

"मग?" आबासाहेबांनी पानाला चुना लावला. "कुंडलिक, लोक आपल्या बायका कुणाच्या भरवशावर पाठवत्यात? त्या कुलपाच्या. उद्या कुलूप न्हाय म्हटलं की निम्म्या बाया घरात बसतील. अन् ही काय आजची गोष्ट हाय का? आमच्या वडलांच्या येळेपासनं त्या दाराला कुलूप हाय."

"मालक, वडलांच्या येळंला न्हवतं. मी लावलं. वीस साली. माझ्या ट्रंकेचं. तुमी हसला होता, सुपारी उडाली होती..."

"तू?" आबासाहेब हसले, पण त्या वेळेसारखे नाही. "नाटकात राहून राहून तुला सोताचंच सोंग खरं वाटाय लागलं. जा, झोप जा."

ते खोटं बोलत नव्हते, हेच भयंकर होतं. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. कुंडलिकाने पेटीवाल्याला विचारलं, पडदे ओढणाऱ्याला विचारलं. प्रत्येकाला कुलूप आपल्या आधीचं वाटत होतं. त्या कुलपाला नऊ वर्षांत शंभर वर्षं झाली होती, आणि त्याचा जन्म पाहिलेला माणूस एकटा उरला होता.

शुक्रवारी परवान्याचे साहेब आले. गोरे केव्हाच बदलून गेले होते. हे मराठी साहेब, तरुण, चष्मेवाले, काळजीपूर्वक काम करणारे. त्यांनी बादल्या मोजल्या, वाळू पाहिली आणि बायकांच्या दाराशी थांबले.

"खेळ चालू असताना याला कुलूप असतं?"

आबासाहेबांनी कुंडलिकाकडे पाहिलं. इंग्रजीचं काम त्याचं. कुंडलिकाच्या डोळ्यांपुढं ती चार बोटं आली. एक वाक्य बोलायचं होतं: साहेब, हे मी लावलं, एका दारुड्यापायी, आणि आता नको. पण आबासाहेबांची नजर त्याच्यावर होती. घर त्यांच्याच चाळीत, नोकरी त्यांचीच, डोक्यावरचा फेटाही त्यांचाच. आणि नऊ वर्षांची जिभेची सवय. तोंड उघडलं आणि ते आपोआप बाहेर पडलं.

"ॲज पर युज्वल प्रॅक्टिस, सर."

साहेबांनी जुनी वही चाळली. वीस सालच्या पानावर तेच शब्द होते. "हो, नोंद आहे की," म्हणून त्यांनी सही केली. आबासाहेबांनी कुंडलिकाच्या पाठीवर थाप मारली. ती थाप त्याला दोन दिवस जाणवत राहिली.

रविवारी दुपारी तीनचा खेळ होता, जत्रेला आलेल्या बायापोरींसाठी. कुंडलिकाची लेक मथुरा मंगळवेढ्याहून आली होती, चार महिन्यांचं बाळ घेऊन. सकाळपासून तिचं एकच चाललं होतं. "दादा, आज मला खेळ बघायचाय. सासरी गेल्यापास्नं एक न्हाय बघितला."

"नगं."

"का नगं?"

"गर्दी लई असती. बाळाला सोसायचं न्हाय."

त्याची बायको रंभाबाई भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "साऱ्या पेठेच्या लेकी तुमच्या जिवावर तितं बसत्यात, त्यांची बाळं न्हाईत वाटतं? आपल्याच पोरीला नगं म्हणायला काय झालं? खेळ वाईट हाय का जागा वाईट हाय?"

कुंडलिक ताटावरून उठला. कोनाड्यातली पक्कड आणि लहान हातोडी त्याने कोटाच्या खिशात घातली आणि म्हणाला, "ये. पण दाराजवळ बस."

दुसरी घंटा झाली. बायका आत शिरत होत्या, शे-दीडशे तरी असतील. नवी लुगडी, तिळगुळाच्या पुड्या, रडणारी पोरं. शांतम्मा पाटी घेऊन आत जाताना त्याच्याकडे बघून नुसती हुंकारली. मथुरा गेली. तिसरी घंटा झाली. कुंडलिकाने दार ओढलं, कडी घातली, कोयंड्यात कुलूप अडकवलं. दाबलं मात्र नाही.

पेटी सुरू झाली. तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी आबासाहेब दिसले. गर्दीच्या दिवशी ते स्वतः फेरी मारत. जवळ आले, कुलपाकडे पाहिलं, हात लावला. कुलूप हलकं झुललं.

"म्हातारा झालास, कुंडलिक," ते प्रेमाने म्हणाले आणि अंगठ्याने दाबलं.

खट्ट.

ते गेले. कुंडलिक स्टुलावर बसला. नांदी सरली, पहिला अंक चालू झाला. मग त्याने खिशातून पक्कड काढली. दार बाहेर उघडणारं, म्हणून बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला होत्या, आणि त्यांच्यात उभे खिळे. वरचा खिळा गंजाने धरला होता. त्याने हातोडीचा एकेक हलका घाव तबल्याच्या समेवर घातला, आत ऐकू जाऊ नये म्हणून. पहिला निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्याने त्याच्या अंगठ्याची साल काढली, पण तोही निघाला. आता दार एका बाजूला कुलपावर आणि दुसऱ्या बाजूला कुंडलिकाच्या पाठीवर उभं होतं. तो स्टूल सरकवून त्याला टेकून बसला. तीन खिळे मुठीत. कुलूप जागच्या जागी, पितळ उन्हात चमकत होतं.

पाठीला फळ्यांतून आतला सगळा खेळ जाणवत होता. हशा आला की दार थरथरे, रडणं आलं की स्तब्ध होई. दुसरा अंक संपला. ऊन उतरलं. तिसऱ्या अंकात त्याला राळेचा वास आला. मग भप्पकन आवाज, टाळ्या. पुन्हा भप्पकन, पुन्हा टाळ्या. तिसऱ्या वेळी टाळ्या आल्या त्या पुरुषांकडूनच. बायकांकडून काहीच आवाज आला नाही. तो एक क्षण त्याला सगळ्या खेळापेक्षा लांब वाटला.

मग चन्नप्पाची आगीची हाक आली, कानडीत. घाबरला की तो मराठी विसरायचा. "बेंकी! बेंकी!"

पाठीमागे दार आदळलं. कुंडलिक बाजूला उडाला आणि दोन्ही हातांनी बिजागऱ्यांची बाजू धरून बाहेर ओढू लागला. आतून दीडशे बायकांचा भार आला. दार सुटलं, कुलपाभोवती फिरलं, कोयंडा चौकटीतून उखडला आणि अख्खं दार बोळात आडवं पडलं. त्याच्यावरून बायका आल्या, एकमेकींचे पदर धरून, पोरं काखेत, तोंडावर लुगडी. मागून काळा धूर आला. कुंडलिक चौकटीला चिकटून एकेकीला ओढत होता आणि प्रत्येकीचं तोंड बघत होता. मथुरा दिसत नव्हती.

"मथे! ए मथे!"

ती सगळ्यांत शेवटी आली. दाराजवळ बसवली होती, पण गर्दीने तिला मागे रेटलं होतं. बाळ तिच्याजवळ नव्हतं. तिच्यामागून शांतम्मा आली, डोक्यावर पाटी, एका हाताने धरलेली. पाटीत शेंगांवर बाळ. त्याच्या टोपड्याला धुराचा वास येत होता आणि ते टक्क डोळ्यांनी आभाळ बघत होतं.

निम्मी शेड जळाली. माणूस एकही गेलं नाही. चन्नप्पाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. पुढं बत्त्या तो तोंडाने सांगायचा आणि दुसरे पेटवायचे.

तिसऱ्या दिवशी चष्मेवाले साहेब आले. पडलेलं दार तसंच होतं, कुलूप अजून कडीत लागलेलं. ते वाकून बराच वेळ बिजागऱ्या बघत राहिले.

"यात खिळेच नाहीत. हे दार असं सुटं ठेवलेलं होतं?"

खिळे कुंडलिकाच्या खिशात होते. आबासाहेबांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा कुंडलिकाच्या सोललेल्या अंगठ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते नटालाही जमलं नसतं. मग ते खाकरले आणि ठामपणे म्हणाले, "ॲज पर युज्वल प्रॅक्टिस, सर. खेळ चालू असताना आमच्यात खिळे काढूनच ठेवत्यात. पहिल्यापास्नं."

साहेबांनी ते लिहून घेतलं. "उत्तम पद्धत आहे," म्हणाले.

ते गेल्यावर दोघं बोळात उभे राहिले. आबासाहेबांनी कडदोऱ्याची किल्ली काढली, कुलूप उघडलं, हातात तोललं.

"मालक, आता तरी..."

"नवं दार करायचंय," आबासाहेब मध्येच म्हणाले. "तसंच. खिळे सुटे ठेव, तू म्हणशील तसं. पण कुलूप राहणार. नोंद हाय त्याची."

चैत्रात शेड पुन्हा उभी राहिली. पहिल्या खेळाला तिसरी घंटा झाली आणि नव्या दारावर जुनं कुलूप बसलं. कुंडलिकाने तीन खिळे काढले आणि पाठ टेकून बसला. पुढं पाच वर्षं तो तसाच बसला. एकही खेळ त्याने पाहिला नाही. सगळे पाठीने ऐकले.

चौतीस साली आबासाहेबांनी थेटर बोलपटवाल्यांना दिलं. दारावर नवा माणूस आला, सिदू. मिशा पिकलेल्या, पंधरा वर्षं दुसरीकडे दारावरच काढलेला, आपलं काम येतं अशी खात्री असलेला. कुंडलिकाने त्याला स्टुलावर बसवलं, पक्कड हातात दिली आणि सांगू लागला. वीस सालचा गडी, ट्रंकेचं कुलूप, गोरे साहेब, शांतम्माची बोटं, चन्नप्पाचे हात. ते वाक्य त्याने एकदाही उच्चारलं नाही. कारण सांगत होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न गाळता.

सिदूने तंबाखू मळत निम्मं ऐकलं. मग दुसरी घंटा झाली, बायका आत जाऊ लागल्या आणि तो उठला.

"व्हय, व्हय, कळलं काका. तिसऱ्या घंटेला खिळे काढायचे. हितं असंच असतंय, एवढंच की न्हाय?"

"असंच असतंय म्हणून न्हाय रं बाबा. मी सांगितलं ते..."

"काडतो की. तुमी जावा आता निवांत."

कुंडलिक बोळातून निघाला. तिसरी घंटा झाली. मागून कुलपाचा आवाज आला, स्वच्छ, जसा चौदा वर्षं येत होता. तो थांबला आणि दुसऱ्या आवाजाची वाट बघू लागला. हातोडीच्या, पहिल्या खिळ्याच्या. आत बोलपटाचं गाणं सुरू झालं होतं, मोठं, यंत्राचं, आणि त्यात काहीच ऐकू येत नव्हतं. मग तो वळला आणि दाराकडे परत चालू लागला.